समजून घ्या : जायकवाडी गाव बीडमध्ये, धरण पैठणला, शंकरराव चव्हाण आणि माजलगावच्या पाण्याची गोष्ट

दरवर्षी ऑक्टोबरचा मध्य आला की मराठवाड्यात धरणांच्या टक्केवारीची चर्चा सुरू होते. जायकवाडी किती भरले, माजलगाव किती भरले, वरून पाणी सुटणार का, यावरच पुढची रब्बी ठरते. या दोन धरणांची नावे नेहमी एका दमात घेतली जातात. त्यांच्यात साठ-सत्तर मैल अंतर आहे, नद्याही वेगळ्या आहेत. तरीही ती एकाच प्रकल्पाचे दोन टप्पे आहेत, आणि या प्रकल्पाच्या मागे ज्याची राजकीय ताकद दीर्घकाळ उभी राहिली तो नेता म्हणजे शंकरराव चव्हाण. ते दोनदा राज्याचे मुख्यमंत्री झाले, केंद्रात गृहमंत्री, अर्थमंत्री, संरक्षणमंत्री झाले. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या लेखी ते आधी पाटबंधारे मंत्री.

बीड जिल्ह्यातल्या सिंदफणा नदीवर माजलगावला धरण का बांधावे लागले, त्यात वीज किती तयार होते आणि तिथले पाणी पैठणच्या पाण्यावर का अवलंबून आहे, हे कळायला शंकररावांच्या आयुष्याचा धागा धरावा लागतो.

निजामी राजवटीतले पाणी

शंकरराव भावराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणचा. एकनाथ महाराजांचे पैठण, गोदावरीच्या काठावरचे. पुढे याच गावाच्या वेशीवर राज्यातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक उभा राहिला आणि त्याला नाथसागर हे नाव मिळाले. त्या काळी मात्र पैठण, बीड, नांदेड हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. शंकररावांनी मद्रास विद्यापीठाची बी.ए. आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. वकिलीत स्थिरावण्याचे ते दिवस. पण स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटला होता आणि शंकरराव त्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले.

संस्थानात पाण्याची कामे झाली नव्हती असे नाही. पण ती कुठे झाली ते पाहण्यासारखे आहे. मांजरा नदी उगम पावते बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत. तिच्यावरचे पहिले मोठे धरण, निजामसागर, १९३१ मध्ये पूर्ण झाले ते तेलंगणात. पाणी मराठवाड्यातून वाहत जाई आणि भिजे खालचे शिवार. दुसरीकडे ब्रिटिश मुंबई इलाख्यात गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात, नाशिक-नगरमध्ये, दारणा आणि भंडारदऱ्यासारखी धरणे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतच झाली होती. त्यांच्या कालव्यांवर उसाचे मळे उभे राहिले आणि मागोमाग साखर कारखाने आले. वर एक राज्य, खाली दुसरे राज्य, आणि मधला मराठवाडा पावसाच्या भरवशावर. शंकररावांच्या पिढीने ही परिस्थिती डोळ्यांनी पाहिली होती.

पन्नासच्या दशकात ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि शंकरराव त्या सरकारमध्ये उपमंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज ही खाती आली. चाळीस वर्षांचा मंत्री, आणि हातात नव्या राज्यातल्या सगळ्या नद्या. साठच्या दशकाचा बहुतांश काळ त्यांच्या कामाचा केंद्रबिंदू हाच राहिला.

जायकवाडी हे नाव कुठून आले?

पैठणला गेलेल्या पर्यटकाला जायकवाडी नावाचे गाव तिथे सापडत नाही. कारण ते गाव बीड जिल्ह्यात आहे, पैठणपासून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर शंभर किलोमीटरहून अधिक खाली. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर मोठे धरण बांधण्याचा जो आराखडा होता, त्यातली धरणाची जागा या गावाजवळ होती. म्हणून प्रकल्पाला गावाचे नाव पडले. पुढे महाराष्ट्रात फेरअभ्यास झाला आणि जागा वर, पैठणला सरकली. सरकारी कागदांवर नाव मात्र तेच राहिले. गाव बीडचे, धरण पैठणचे, आणि नाव गावाचे असा हा मामला.

जागा बदलण्यामागचे गणित साधे होते. कालव्याचे पाणी उताराने जाते. पंपाने चढवायचे नसेल तर धरण जितके उंचावरच्या जागी, तितके जास्त शिवार कालव्याखाली येते. जायकवाडी गावाजवळ धरण झाले असते तर पैठणपासून तिथपर्यंतचा दोन्ही तीरांवरचा पट्टा, म्हणजे एका बाजूला अंबड-घनसावंगीची आणि दुसऱ्या बाजूला गेवराईची जमीन, कालव्याच्या वर राहिली असती. नदी दारातून गेली असती आणि शेत कोरडे राहिले असते. पैठणला धरण बांधल्यामुळे हा पट्टा लाभक्षेत्रात आला.

याची किंमतही होती. पैठणच्या आसपासची भूमी सपाट. तिथे पाणी अडवले की ते खोल साठत नाही, पसरते. नाथसागराचा पसारा लांबीला सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदीला काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत जातो. उन्हाळ्यात एवढ्या उथळ पाण्यातून होणारे बाष्पीभवन हा या धरणाचा कायमचा तोटा आहे. शिवाय पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतली शंभरहून अधिक गावे पाण्याखाली गेली वा बाधित झाली, आणि ती जमीन गोदाकाठची काळी कसदार होती. नगरकडून विरोध झाला तो या बुडिताचा होता, तसाच वरच्या धरणांच्या पाण्यावर पुढे हक्क सांगितला जाईल या धास्तीचाही. ही धास्ती खोटी नव्हती, हे चाळीस वर्षांनी दिसले.

विरोध सोसून शंकररावांनी प्रकल्प रेटला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला पायाभरणी झाली. भारत-पाकिस्तान युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत शास्त्रीजींचे ताश्कंदला निधन झाले. धरण पुरे व्हायला दशक लागले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा मुख्यमंत्रिपदावर शंकरराव होते. दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, एकूण साठा १०२ टीएमसीच्या पुढे आणि त्यातला वापरता येणारा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी. (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर पाणी.) मंत्री म्हणून ज्याच्यासाठी भांडायचे, त्याच धरणाच्या उद्घाटनाला मुख्यमंत्री म्हणून हजर राहायचे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

माजलगावचे धरण कशासाठी?

पैठणहून दोन कालवे निघतात. डावा २०८ किलोमीटरचा, तो छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी या जिल्ह्यांत जातो. त्याचे नियोजित सिंचन सुमारे १ लाख ४२ हजार हेक्टर. उजवा १३२ किलोमीटरचा, सुमारे ४२ हजार हेक्टरांसाठी. बीड जिल्ह्याचा संबंध या उजव्या कालव्याशी. तो गेवराई तालुक्यातून येतो आणि शेवटी माजलगावच्या जलाशयात पाणी सोडतो. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. बहुतेक कालवे शेवटच्या शेतात संपतात, हा दुसऱ्या धरणात संपतो.

सिंदफणा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. बीड शहरातून येणारी बिंदुसरा तिला मिळते, कुंडलिका मिळते, आणि मंजरथला ती गोदावरीत जाते. हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश. सिंदफणेला पूर येतो तेव्हा दोन दिवसांत धरण निम्मे होते आणि पाऊस रुसला तर नदीच्या पात्रात गाडी घालता येते. एकट्या सिंदफणेच्या जिवावर मोठे धरण आणि लांब कालवा बांधणे धाडसाचे ठरले असते. म्हणून योजना अशी आखली गेली : माजलगावला धरण बांधून सिंदफणेचे पुराचे पाणी अडवायचे, आणि जे कमी पडेल ते पैठणच्या उजव्या कालव्यातून आणून भरायचे. हाच जायकवाडीचा दुसरा टप्पा. धावपटूने काठी पुढच्याच्या हाती द्यावी तसे गोदावरीचे पाणी पैठणहून निघून माजलगावला टप्पा घेते आणि तिथून नव्या कालव्याने पुढे जाते.

माजलगावचे मातीचे धरण ६,४८८ मीटर लांब आहे, म्हणजे जवळपास साडेसहा किलोमीटर. उंची ३१ मीटरच्या थोडी वर. एकूण साठा सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १६ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा सुमारे ३१२ दशलक्ष घनमीटर, ११ टीएमसी. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले. योगायोग असा की तेव्हाही मुख्यमंत्री शंकररावच होते, मार्च १९८६ मध्ये ते दुसऱ्यांदा त्या खुर्चीवर आले होते. धरणाचा उजवा कालवा १६५ किलोमीटरचा आहे. माजलगाव, परळी तालुक्यांतून तो परभणी आणि नांदेड जिल्ह्यांकडे जातो. ज्या नांदेडने शंकररावांना राजकारणात उभे केले, त्याच्या शिवारापर्यंत पैठणचे पाणी अशा वळशाने पोहोचावे अशी ही रचना.

वरच्या आकड्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. १६ मधून ११ वजा केले तर उरतात ५ टीएमसी. हा मृतसाठा. नाव भीतीदायक असले तरी अर्थ एवढाच की कालव्याचे तोंड ज्या पातळीवर आहे त्याच्या खालचे पाणी आपोआप कालव्यात जाऊ शकत नाही. माजलगावात हा भाग जवळपास एकतृतीयांश आहे. दुष्काळात याच मृतसाठ्याने बीड शहराची तहान भागवली, कारण पिण्यासाठी पंपाने उपसा करता येतो. म्हणून धरण शून्य टक्क्यांवर आले अशी बातमी वाचली की धरणात पाणीच नाही असे समजू नये. शेतीला पाणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वीज किती तयार होते?

फार थोडी. माजलगावच्या पायथ्याशी ७५० किलोवॉटचे तीन संच आहेत, एकूण सव्वादोन मेगावॉट. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. त्या तुलनेत हा दिवाच म्हणायचा. पैठणचा जलविद्युत संच १२ मेगावॉटचा, आणि तो उलटाही फिरणारा आहे : विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी पुन्हा वर जलाशयात ढकलता यावे अशी त्याची रचना.

मग एवढ्याशा विजेसाठी खटाटोप कशाला? धरणातून कालव्यात पाणी सोडायचेच असते. ते उंचावरून खाली येताना त्याचा जोर वाया जाऊ द्यायचा की त्या वाटेत पाणचक्की बसवायची, एवढाच प्रश्न असतो. पाणचक्की पाणी खात नाही. आत गेले तेवढेच बाहेर येऊन कालव्याला लागते. सिंचनाच्या धरणांवर छोटे जलविद्युत संच बसवायचे ते याच हिशेबाने. अर्थात इथे वीज ही सिंचनाची पाठराखीण आहे. आवर्तन सुरू असेल तेव्हा संच फिरतो, आवर्तन संपले की थांबतो. ज्या वर्षी कालवा सुटला नाही त्या वर्षी वीजही नाही.

बीड जिल्ह्यातल्या विजेचा आणि या पाण्याचा खरा मोठा संबंध परळीला आहे. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या संचाने सुरू झाले आणि पुढे वाढत गेले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि तिने चक्र फिरवायचे, मग ती वाफ थंड करायची. या सगळ्याला पाणी प्रचंड लागते. ते येते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून, आणि नदी आटली की त्या बंधाऱ्यासाठी वरून जायकवाडी-माजलगावकडे हात पसरावे लागतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद करावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, पाणी नव्हते. माजलगावच्या सव्वादोन मेगावॉटपेक्षा या धरणांतले पाणीच विजेसाठी किती मोलाचे आहे, हे त्या वर्षी राज्याला कळले.

१९७५ : करारावरची सही

धरण बांधणे ही निम्मी लढाई असते. पाणी आपल्या हक्काचे आहे हे कागदावर आणणे ही उरलेली. खाली आंध्र प्रदेशात गोदावरीवर पोचमपाड धरणाचे काम १९६३ मध्ये सुरू झाले होते. नदी आंतरराज्य, त्यामुळे वाद लवादाकडे गेला. १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी पाणीतंटा लवाद नेमला गेला. लवाद म्हणजे वर्षानुवर्षांचे काम, आणि तोवर नव्या प्रकल्पांवर टांगती तलवार.

२१ फेब्रुवारी १९७५ रोजी शंकरराव मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. आंध्रच्या बाजूने मुख्यमंत्री जलगम वेंगलराव होते. करारातली वाटणी सोप्या भाषेत अशी : गोदावरीवर पैठणच्या धरणापर्यंत आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरणापर्यंत येणारे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्यांच्या खाली, आणि मांजरेवर निजामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी घेता येईल. पुढे १९८० मध्ये लवादाने निवाडा दिला, तो राज्यांनी आपसात केलेल्या अशा करारांना धरूनच.

या कराराबद्दल आजही दोन मते आहेत. पैठणच्या खालच्या मराठवाड्याला ६० टीएमसीची मर्यादा पडली, ही तक्रार खोटी नाही. खालच्या भागात नवे बंधारे बांधताना हा आकडा दर वेळी आडवा येतो. पण पैठणपर्यंतच्या पाण्यावर महाराष्ट्राचा निर्विवाद हक्क याच सहीने ठरला, आणि तो नसता तर लवादाचा निकाल लागेपर्यंत जायकवाडीचे भवितव्य अधांतरी राहिले असते. शंकररावांनी हातात येणारे नक्की पाणी निवडले. त्या वेळच्या परिस्थितीत दुसरा पर्याय फारसा नव्हता असेच म्हणावे लागते. या करारातला मोठा दोष दुसराच आहे. महाराष्ट्राला मिळालेले पैठणपर्यंतचे पाणी राज्यातल्या राज्यात कोणी किती घ्यायचे, यावर त्यात अक्षर नाही. दोन राज्यांच्या करारात ते असणारही नव्हते. ते काम मुंबईत व्हायला हवे होते.

हेडमास्तर

पत्रकारांनी आणि सहकाऱ्यांनी शंकररावांना हेडमास्तर हे टोपणनाव दिले होते. वेळेची शिस्त, फायलींची शिस्त, हसणे कमी. १९७५ मध्ये त्यांनी सचिवालयाचे नाव बदलून मंत्रालय केले : राज्य सचिव चालवत नाहीत, लोकांनी निवडलेले मंत्री चालवतात, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत राज्यात आणली. मागच्या वर्षी अमुक रुपये दिले म्हणून यंदा थोडे वाढवून द्या, हे बंद. प्रत्येक खात्याने प्रत्येक खर्चाची गरज नव्याने सिद्ध करायची. मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना ते किती आवडले असेल याची कल्पना करता येते.

त्यांच्या पहिल्या मुख्यमंत्रिपदाचा बराचसा काळ आणीबाणीचा होता आणि ती छाया त्या कारकिर्दीवर आहेच. त्याच काळात, १९७६ मध्ये, राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. धरणात जमीन गेलेल्यांना लाभक्षेत्रात जमीन देण्याचे तत्त्व त्यात आहे. मराठवाड्यात मोठी धरणे बांधणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या काळात हा कायदा व्हावा हे योग्यच होते. मात्र नाथसागराखाली गेलेल्या गावांसाठी तो उशिरा आला होता.

१९७७ मध्ये लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे पानिपत झाले आणि शंकररावांचे पद गेले. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, १९७८ च्या पुलोद सरकारमध्ये शरद पवारांच्या हाताखाली मंत्री झाले, आणि १९८० मध्ये पुन्हा इंदिरा काँग्रेसमधून नांदेडचे खासदार म्हणून दिल्लीत गेले. मुख्यमंत्री राहिलेल्या माणसाने आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुख्यमंत्र्याच्या मंत्रिमंडळात बसणे तेव्हाही अनेकांना खटकले होते. दिल्लीत त्यांनी एकामागून एक मोठी खाती सांभाळली. १९९१ ते १९९६ या काळात ते पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारमध्ये गृहमंत्री होते. दोघेही हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले. बाबरी मशिदीचा विध्वंस आणि मुंबईचे बॉम्बस्फोट याच काळातले, आणि गृहमंत्री म्हणून त्यांच्यावर झालेली टीका कठोर होती. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाला आता त्यांचे नाव आहे. त्यांचे पुत्र अशोक चव्हाण हेही पुढे मुख्यमंत्री झाले.

हिशेब कुठे चुकला?

जायकवाडीची आखणी झाली तेव्हा पैठणपर्यंतच्या खोऱ्यात भरवशाचे पाणी सुमारे १९६ टीएमसी धरले होते. त्यातले सुमारे ११५ टीएमसी वरच्या नाशिक-नगरच्या धरणांसाठी आणि उरलेले सुमारे ८१ टीएमसी जायकवाडीसाठी, म्हणजे पैठण आणि माजलगाव मिळून. कागदावर हिशेब जुळत होता. पण नंतरच्या अभ्यासांत मुळातले पाणीच धरले होते त्यापेक्षा बरेच कमी असल्याचे दिसले. आणि वरची धरणे मात्र वाढत गेली. पाणी कमी निघाले की तोटा शेवटच्या माणसाचा होतो, कारण वरचा आधी भरून घेतो.

माजलगावची गोष्ट तर त्याहून बिकट. वर नाशिक-नगर भरायचे, मग पैठण भरायचे, मग उजवा कालवा सुटायचा, वाटेत गेवराईचा शेतकरी आपला वाटा घ्यायचा, आणि मग माजलगाव. त्यातही कालव्याची अवस्था. उजव्या कालव्याची मूळ वहनक्षमता सुमारे २,२०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. पण गाळ साचला, काठावर झुडपे वाढली, अस्तर फुटले आणि तेवढे पाणी सोडले तर कालवाच फुटेल अशी स्थिती आली. त्यामुळे पैठणला पाणी असले तरी माजलगावला ते हवे तेवढ्या वेगाने पोहोचत नाही. दुरुस्तीची मागणी जुनी आहे. धरणाच्या उद्घाटनाला पंतप्रधान येतात, कालव्याच्या अस्तराला कोणी नारळ फोडत नाही.

पिकांचा प्रश्नही आहेच. जायकवाडी आखले गेले ते आठमाही पाण्यासाठी : खरिपाला आधार, रब्बीला ज्वारी-गहू, आणि बारमाही उसाला मर्यादित जागा. थोडे पाणी पुष्कळांना, हा विचार. प्रत्यक्षात कालवा आला तिथे ऊस आला, साखर कारखाने आले. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. ज्वारीला भाव नाही आणि उसाला हमी आहे. पण वरच्या शिवारात ऊस उभा राहिला की कालव्याच्या शेपटाला पाणी पोहोचत नाही, मग तो ऊस नगरचा असो की माजलगावचा. आणि ज्या बीड जिल्ह्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथून दर दिवाळीनंतर लाखो ऊसतोड कामगार बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आजही निघतात. जिथे पाणी आहे तिथे हात जातात.

वरच्यांनी पाणी सोडायचे कधी?

शंकररावांच्या निधनानंतर वर्षभराने, २००५ मध्ये, राज्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी शक्यतो सारखी राहावी, असे तत्त्व त्यात आले. म्हणजे १९७५ च्या करारात जे नव्हते ते तीस वर्षांनी कायद्यात लिहिले गेले. त्याचा अंमल करायला आणखी वेळ गेला. २०१२-१३ चा दुष्काळ पडला, मेंढेगिरी समितीने वरच्या धरणांतून कधी आणि किती पाणी सोडायचे याचे तक्ते दिले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला. नाशिक-नगरकडून त्याला न्यायालयात आव्हान मिळाले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. नगरकरांनी १९६५ च्या आधी बोलून दाखवलेली धास्ती ती हीच.

या व्यवस्थेत १५ ऑक्टोबर ही तारीख कळीची ठरली. त्या दिवशी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचा विचार करायचा. मात्र वरून सुटलेले पाणी पैठणला पोहोचेपर्यंत नदीचे कोरडे पात्र आणि वाटेतले बंधारे आपला हिस्सा घेतात. पैठणला आलेल्या पाण्यातून माजलगावला किती जाईल, हे त्यानंतरच्या बैठकीत ठरते. तिला कालवा सल्लागार समिती म्हणतात आणि रब्बीची आवर्तने किती मिळणार याचे उत्तर तिथे मिळते. गेवराई, माजलगाव, परळीच्या शेतकऱ्याने हरभरा पेरायचा की ज्वारी, हे ठरवण्याआधी धरणाच्या टक्केवारीबरोबर त्या बैठकीची बातमीही पाहावी. २०१५-१६ सारख्या वर्षी, जेव्हा माजलगाव मृतसाठ्यात गेले होते, ती बैठक पिण्याच्या पाण्यापुरतीच उरते. पायथ्याचे तीन संच त्या वर्षी बंदच असतात.